पंधरा टक्के जिवंत आरसा

"चाचा, हा आरसा किती टक्के जिवंत आहे?"

हा प्रश्न मी विचारला. रविवारी सकाळी, पाठीला क्लासची बॅग, दोन घट्ट वेण्या, आणि चेहऱ्यावर बँकेत कर्ज मागायला आलेल्या माणसाचा गंभीरपणा. माझ्या मागे रसवंतीच्या बंद टपरीआड पायल आणि शहिस्ता एकमेकींच्या तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. पैज त्यांचीच होती.

त्याचं असं झालं, की मी गाड्या दुरुस्त करायचा एक गेम खेळते. खेळते म्हणजे, त्यात माझा धंदा आहे. गेममधल्या भंगार यार्डात जायचं, गंजलेल्या गाड्यांतून पार्ट शोधायचे. प्रत्येक पार्टवर तो किती टक्के शाबूत आहे ते दिसतं. पंधराच्या वर असला तर घ्यायचा, टेबलावर ठेवून माउसनं ठोकायचा, की तो नव्यासारखा होतो आणि चौपट भावानं जातो. या रीतीनं मी गेममध्ये करोडपती झाले आहे. आठवीपर्यंत वर्गात हात वर करायला घाबरणारी मी नववीत एकदम सगळ्यांना व्यवहारज्ञान शिकवायला लागले ती यामुळेच. मधल्या सुट्टीत मी डबा कमी खायची आणि सायलेन्सरच्या भावावर जास्त बोलायची. शेवटी पायल म्हणाली, "कोमे, एवढी शेठ झालीस ना, मग अल्लाउद्दीन चाचांना जाऊन विचार टक्के. नाही विचारलंस तर आजपासून त्या गेमचं नाव काढायचं नाही."

अल्लाउद्दीन चाचा म्हणजे शहिस्ताच्या अम्मीचे मामा. कार्ला फाट्यावर, आमच्या गणिताच्या क्लाससमोर, जुन्या हायवेला लागून त्यांचं गाड्यांच्या भंगाराचं यार्ड आहे. घाटात ज्यांची गाडी कठड्याची गळाभेट घ्यायला जाते, त्यांची गाडी शेवटी चाचांकडे मुक्कामाला येते. "माझं नाव सांगू नकोस," एवढंच शहिस्ता म्हणाली होती.

चाचांनी आरसा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. काच तडकलेली होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्यापेक्षा जरा कमी जिवंत आहे," ते म्हणाले. "घे."

"नको, मी फक्त विचारलं."

"भवानीच्या टायमाला फक्त विचारत नसतात, बेटा."

आता मेख अशी, की गेममध्ये भवानी नसते. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं की दिवसभर गल्ला झोपतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमची आई सकाळी सकाळी भाजीवाल्याला कधी नुसता भाव विचारत नाही. पण वांग्याचा नियम आरशालाही लागू असेल असं मला वाटलं नव्हतं. चाचांनी फाटक नुकतंच उघडलं होतं, लोबानाचा धूर अजून हवेत होता, आणि चेहऱ्यावर असा भाव होता की मी गेले तर त्यांचा आख्खा रविवार माझ्या खात्यावर मांडला जाईल. शेवटी तिघींच्या वडापावचे पैसे एकत्र करून मी तो आरसा घेतला. पायलनं पुढचा सगळा क्लास माझ्याकडे पाहिलं नाही. आरशातूनसुद्धा नाही.

हे इथंच संपलं असतं. पण त्या दिवशी चाचांचं यार्ड जोरात चाललं. एक इंजिन गेलं, गिअरबॉक्स गेला, वर्षभर कुणी न विचारलेली एका मोठ्या गाडीची मागची काचसुद्धा गेली. संध्याकाळी शहिस्ताचा फोन आला. "चाचा विचारतायत, ती दोन वेण्यांची मुलगी पुढच्या रविवारी येणार का. तिचा हात चांगला आहे म्हणतात."

माझ्या हाताला आजवर कुणी चांगलं म्हटलेलं नव्हतं. चित्रकलेच्या बाईंनी तर माझा मोर बघून "छान काढलंय हेलिकॉप्टर" म्हटलं होतं. मी लगेच हो म्हणाले.

हो म्हणायला आणखी एक कारण होतं, आणि ते आमच्या पार्किंगमध्ये उभं होतं.

पप्पा देहूरोडला डेपोत नोकरीला आहेत, लोणावळ्याहून रोज लोकलनं जातात. आमची पांढरी गाडी फक्त सणासुदीला निघायची. देहूरोडच्या विहारातून परत येताना ती कामशेतला बंद पडली, ओढून आणली, तेव्हापासून दोन वर्षं ती जागची हललेली नाही. पण ती रिकामी नाही. आमचं घर एक खोली आणि स्वयंपाकघर. गाडी ही आमची दुसरी खोली. पप्पा संध्याकाळी ड्रायव्हरच्या सीटवर बसून पेपर वाचतात. आई मागच्या सीटवर बसून मेथी निवडते. आठवीत गणितात नापास झाले ते मी पप्पांना याच गाडीत सांगितलं. गाडीत दोघंही समोर बघून बोलतात, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. पप्पांनी स्टिअरिंगवरची धूळ पुसली आणि मग म्हणाले, "चल, पुढच्या वेळी बघू." घरात असतो तर एवढ्यावर भागलं नसतं.

त्या गाडीबद्दल सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली होती. "पार्किंगमधील बंद वाहन पंधरा ऑगस्टपर्यंत चालू करून दाखवावे. अन्यथा सोसायटीतर्फे भंगारात देण्यात येईल." सोसायटीत बंद वाहन एकच होतं, तरी ते कुणाचं हे लिहिलेलं नव्हतं. आमच्या सेक्रेटरी अनिता काकू नोटिशीत कुणाचं नाव घेत नाहीत. त्यांना वाईटपणा घ्यायला आवडत नाही. त्यांनी नवी गाडी घेतली होती, लाल, आणि ती आमच्या गाडीसमोर लावताना त्या दर वेळी खोल श्वास घ्यायच्या.

"देऊन टाकू," पप्पा पेपरामागून म्हणाले. पेपर उलटा होता.

"मी चालू करते," मी म्हटलं.

"माउसनं?"

हा वार मी विसरणार नाही.

तर आता तपासणी. किल्ली फिरवली की गाडी फक्त 'टक' म्हणायची. बॅटरी चाचांनी यार्डात चार्ज करून दिली, तरी 'टक'. गेममध्ये याला स्टार्टर म्हणतात, आपल्याकडे सेल्फ. सेल्फ गेला होता. हे मी सगळ्यांना सांगितलं, पण पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभं राहिलं की ऐकायला कुणी येत नाही, सांगायला येतात. तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, उंदीर आहे. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, आमच्या मिक्सरचं असंच झालं होतं, आम्ही उलटा ठेवला तर सुरू झाला. वॉचमन म्हणाला, नारळ फोडा. अनिता काकू गॅलरीतून म्हणाल्या, "कोमल, अगं नावाला शोभेल असं काहीतरी कर."

चाचांकडे सेल्फ होता. पण त्याचा भाव ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं, की वडापाव सोडून सोडून तो माझ्या निवृत्तीच्या सुमारास घेता येईल. मग मी गेममध्ये सुरुवात केली होती तशीच केली. लहान पार्ट घ्यायचा, साफ करायचा, विकायचा, आणि मोठ्याकडे जायचं. आरसा तर घरात होताच. फोटो फ्रेमवाल्याकडून त्यात नवीन काच कापून बसवली. प्लास्टिक टूथपेस्टनं घासलं. आई म्हणाली, "स्वतःचे दात कधी एवढे घासलेस का?"

गिऱ्हाईक शोधायला भागुबाई मावशी उपयोगी पडल्या. त्या टाकव्याहून येऊन कार्ला फाट्यावर भाजलेली कणसं विकतात.

"मावशी, कुणाच्या गाडीचा आरसा तुटला तर मला सांगाल?"

"तुटला तर?" त्या वारा घालत म्हणाल्या. "बाय, सकाळपासनं माकडांनी दोन तोडल्यात. माकडाला त्यात दुसरं माकड दिसतंय, मग हानतंय. लय राग त्येंच्या अंगात."

माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे पिवळ्या टी-शर्टातले एक काका. गाडीचा उजवा आरसा माकडानं नेलेला. माझा आरसा डावा होता. गेममध्ये असं झालं की पार्ट लाल होतो आणि बसतच नाही. इथं भागुबाईंनी कणसाच्या पोत्याची सुतळी काढली आणि तो बसवला.

"अहो, यात मागचं काहीच दिसत नाही," काका म्हणाले. "मीच दिसतोय."

"मग? बसल्या जागी सोताचं त्वांड दिसतंय, आजून काय पायजे सायेब?"

काका हसले आणि पैसे देऊन गेले. ते घरी पोचेपर्यंत स्वतःकडेच बघत गेले असतील, पण पोलिसांना लांबून आरसा दिसला म्हणजे झालं.

त्यानंतर धंदा वाढला. दर रविवारी फाटक उघडलं की मी हजर. चाचा हातात येईल ती वस्तू भवानी म्हणून स्वस्तात द्यायचे. आरसे, व्हील कॅप, वायपर, एकदा तर नुसता हॉर्न. आणि एका रविवारी दार.

"तुमच्या गाडीच्या रंगाचं आहे," चाचा म्हणाले. "आज दुसरं काही काढून ठेवलेलं नाही. भवानी आहे, नाही म्हणू नकोस."

गाडीचं आख्खं दार घेऊन एसटीत चढून बघा, म्हणजे माझ्या जिद्दीची कल्पना येईल. कंडक्टर हिराताईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"एक लोणावळा," मी म्हटलं.

"आणि ह्याचं?"

"हे दार आहे."

"दिसतंय. लगेज पडेल. आणि दारात दार धरून उभी राहू नकोस, माणसं कुठून उतरतील?"

मी मधल्या जागेत सरकले. एक आबा बराच वेळ दार न्याहाळत होते. मग हळूच म्हणाले, "पोरी, बाकीची गाडी कुटं गेली?" काही अपमान गिळायचे असतात. पण माझ्या शेजारच्या मावशींनी दाराचं हँडल धरून सावकाश काच खाली केली आणि त्यातून तोंड काढून म्हणाल्या, "हां, आता जरा वारा येतोय." आख्खी एसटी हसली. हिराताईंनी लगेज मात्र माफ केलं नाही.

दार आमच्या गाडीला बसत नव्हतं हे घरी आल्यावर कळलं. रंग तेवढा तोच होता.

मग दुसरी नोटीस लागली. "सामाईक जिन्यात गाड्यांचे अवयव ठेवू नयेत." पुन्हा नाव नाही. आई दोन दिवस कुणाच्या नजरेला नजर न देता जिना चढली. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर जिना लख्ख होता.

"माझे आरसे?"

"भंगारवाला आला होता," आई म्हणाली. "किती ते घाणेरडं पसरलेलं. त्यानं बदल्यात चांगला लसूण दिला."

तुम्ही कधी तुमचा उद्योग पाट्यावर वरवंट्याखाली जाताना पाहिलाय का? मी पाहिलाय. त्या रात्री आमच्याकडे लसणाची चटणी होती. पप्पांनी दोनदा मागून घेतली. मी भाकरी दुधाशी खाल्ली.

पंधरा ऑगस्ट जवळ आला होता, कमाई सगळी मालातच गेली होती, आणि सेल्फसाठी माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. त्या रविवारी मी सवयीनं यार्डात गेले. चाचा खुशीत होते.

"ये, ये. आज खास माल आहे. काल भंगारवाल्या रमीजच्या हातगाडीवरून आला." त्यांनी पोतं उघडलं. "बघ कसे आहेत. किलोनं घेतले, पण एकेक आरसा नगावर जाईल. कुणीतरी घासून घासून चमकवलेत. वास घे, पुदिन्याचा येतो. कोण वेडं असेल कुणास ठाऊक. चल, भवानी कर."

मी वास घेतला. तीच टूथपेस्ट. डोळ्यांत पाणी आलं. लोबानाचा धूर जास्त होता त्या दिवशी.

"ते वेडं मीच आहे चाचा," मी म्हटलं, आणि मग सगळं सांगितलं. नोटीस, जिना, लसूण, उलटा पेपर. चाचा ऐकत एकेक आरसा पोत्यावर पुसत मांडत होते. मग उठले, आत गेले आणि कापडात गुंडाळलेला सेल्फ घेऊन आले.

"आरसे राहू देत इथं. हे घेऊन जा. घासणावळ झाली तुझी."

मी तो उचलायला गेले, तर त्यांनी वरून हात ठेवला.

"फुकट नाही. भवानी आहे."

बॅगेच्या तळाशी चॉकलेटला चिकटलेला एक रुपया होता. चाचांनी तो चॉकलेटसकट कपाळाला लावला आणि गल्ल्यात टाकला.

आता सेल्फ बसवणं. गेममध्ये बोल्टवर माउस दाबून धरला की तो गोल गोल फिरत आपला आपण बाहेर येतो. आमच्या गाडीच्या बोल्टाला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. लोणावळ्याचा पावसाळा पिऊन पिऊन तो गाडीचाच अवयव झाला होता. मी रॉकेल घातलं, तेल घातलं, पान्यावर लटकले. शेवटी पप्पा डेपोतून आले आणि ऑफिसच्या पँटवर पोतं अंथरून माझ्याशेजारी गाडीखाली झोपले.

"गेममध्ये हा कसा निघतो?"

"दाबून धरायचं."

"मग धर."

दोघांनी पाना धरला. खाली झोपूनही आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो, दोघंही वर बघत होतो. बाहेर फक्त पायांचे जोड दिसायचे आणि सल्ले ऐकू यायचे. चपलांवरून मी आजोबांना ओळखलं. ते अजून उंदरावर ठाम होते. बोल्ट निघाला तेव्हा पान्यासकट माझा हात पप्पांच्या कपाळावर आपटला. पप्पा एवढंच म्हणाले, "निघाला ना?"

पंधरा ऑगस्टला पार्किंगमध्ये झेंडावंदन झालं. जिलेबी वाटून झाल्यावर अनिता काकू गोड आवाजात म्हणाल्या, "मग, राजेंद्रभाऊ? आज मुदत संपतेय." सगळी सोसायटी हातात जिलेबी घेऊन वळली. टायरमध्ये हवा होती, टाकीत नवं पेट्रोल होतं, आणि आईनं कुणी बघत नाही असं समजून डॅशबोर्डवर जिलेबीचा एक तुकडा ठेवला होता. पप्पा बसले. किल्ली हातात घेऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

'टक' आलं नाही.

गाडी एवढ्या जोरात सुरू झाली की वॉचमननं सलाम केला. एक गोष्ट राहून गेली होती. गाडी दोन वर्षं गिअरमध्ये उभी होती. ती खोकली, तिनं उडी मारली, आणि ती चालायला लागली. पप्पांनी ब्रेक दाबला. ब्रेकनं पायाखाली फक्त 'फुस्स' केलं. आजोबा त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या चपळाईनं बाजूला झाले. आमची गाडी सरळ अनिता काकूंच्या लाल गाडीच्या अंगाला घासून पुढे गेली, कुंडीला टेकली आणि बंद पडली. तेवढ्यात काहीतरी खाली पडून फुटल्याचा आवाज झाला.

काकूंच्या गाडीचा आरसा.

"ही चालू गाडी?" काकूंचा आवाज चिरकला. "थांबत नाही ती!"

पप्पा उतरले. कपाळावर पान्याचं टेंगूळ, हातात किल्ली. माझे पप्पा कुणाशी भांडत नाहीत, पण त्या दिवशी ते सरळ फळ्यापाशी गेले.

"नोटीस वाचा, वहिनी. 'चालू करून दाखवावे.' थांबवून दाखवावे असं कुठं लिहिलंय?"

काकूंनी नोटीस वाचली. पुन्हा वाचली. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना जिलेबीचा ठसका लागला. आजोबा म्हणाले, "कायद्यानं बरोबर आहे त्यांचं," आणि त्यांच्या शब्दाला सोसायटीत मान आहे. गाडी राहिली.

मी तुटलेला आरसा उचलला, उलटा केला, सुलटा केला. "काकू, काळजी करू नका," मी म्हटलं. "पंधरा टक्के जिवंत आहे. मी बघते."

संध्याकाळी आम्ही तिघं गाडीत बसलो होतो. पप्पा पेपर घेऊन पुढे, मी त्यांच्या शेजारी, आई मागे मेथी घेऊन. पेपर सुलटा होता. समोर कुंडीची खापरं होती. मी खापरांकडे बघत म्हटलं, "माझं एक ठरलंय. गेम मी कॉम्प्युटरवरून काढून टाकलाय."

मागे मेथी निवडायची थांबली. "काय गं, बरं नाही का तुला?"

"त्यात बोल्ट फार सहज निघतात," मी म्हटलं. "आणि दर रविवारी क्लास सुटला की मी चाचांच्या यार्डात काम शिकायला जाणार. भवानी करून परत यायचं नाही, थांबायचं. चाचांना विचारलंय. फक्त तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."

पप्पांनी सवयीनं पाय ब्रेकवर ठेवला. खालून 'फुस्स' आलं.

"आणि पहिल्यांदा," मी म्हटलं, "ब्रेक शिकणार."